भागाकारताईंची नऊ आकडी संख्या

गणिती कोष्टकं छापणाऱ्या त्या कार्यालयात त्यांना सगळे भागाकारताई म्हणत. हातयंत्राचा दांडा फिरवून भागाकार करायचा आणि उरलेली बाकी वहीत मांडायची, हे त्यांचं काम. जेवणाच्या सुट्ट्या मोडून त्यांनी दोन वर्षांत एक नऊ आकडी मूळ संख्या शोधली. ती कोष्टकात छापून आली, पण खाली नाव साहेबांचं.

त्यांनी विचारलं तेव्हा साहेब मान वर न करता म्हणाले, "शोध कसला? तुम्ही दांडा फिरवलात."

धाकटी बहीण म्हणाली, सोडून दे. ताईंनी सोडलं नाही. त्यांनी १०००९ आणि १४४०१ या दोन मूळ संख्या निवडल्या आणि त्यांचा गुणाकार केला: १४४१३९६०९. मग लहानात लहान मूळ संख्येपासून ओळीनं भाग देत गेल्या. बाराशे तीस भागाकारांत बाकी उरली. बाराशे एकतिसावा भागाकार १०००९ चा, तो निःशेष जाणार होता. तिथेच त्या थांबल्या. वहीत खोटं एक अक्षर नव्हतं, 'मूळ संख्या' असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. वही टेबलावर उघडी ठेवून त्या आठ दिवसांच्या रजेवर गेल्या.

साहेबांना आयतं घबाडच मिळालं; पुढचे भागाकार बाकी आहेत का, हे त्यांनी पाहिलंही नाही. पुढच्या आवृत्तीत पहिल्याच पानावर ती संख्या झळकली.

प्रकाशनाला बाहेरचे प्राध्यापक आले होते. साहेबांचं भाषण संपल्यावर ताई उठल्या.

"साहेब, तुमच्या या संख्येला चारनं भागलं तर बाकी एक उरते. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून किती प्रकारे मांडता येते?"

"एकाच," साहेब हसून म्हणाले. "हे शाळेतली मुलंही सांगतील."

ताईंनी फळ्यावर लिहिलं: ११९९७ चा वर्ग अधिक ४६० चा वर्ग. त्याखाली: १२००३ चा वर्ग अधिक २६० चा वर्ग. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी कागदावर दोन्ही बेरजा केल्या. दोन्ही तीच. त्यांनी कागद साहेबांपुढे सरकवला. मग ताईंनी सावकाश, सुवाच्य अक्षरात तो गुणाकार मांडला.

"आता बाराशे तीस भागाकार कोणी केले तेही सांगा," त्या म्हणाल्या.

प्राध्यापकांनी चौकशीची मागणी केली. चौकशीत ताईंच्या जुन्या वह्या निघाल्या आणि पहिल्या संख्येखाली त्यांचं नाव लागलं. प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवायचं ठरलं. ते काम ताईंनी मागून घेतलं. आठशे प्रती त्यांनी एकटीनं चिकटवल्या, एकही कोपरा वाकडा न जाऊ देता.

साहेबांची बदली झाली. नव्या ठिकाणी ते रुजू झाले त्याच आठवड्यात तिथल्या वरिष्ठांच्या नावे शुद्धिपत्रासह एक प्रत टपालानं पोचली. दुसऱ्यांदा बदली झाली, तेव्हाही.

बहीण वैतागून म्हणाली, "अगं, आता तरी पुरे की!"

ताई पाकिटावर पत्ता लिहीत होत्या. "माझा राग जाईल तेव्हा सांगेन," त्या म्हणाल्या आणि पाकिटाला डिंक लावला.