पन्नीत गुंडाळलेला रोलर

भिया लोकं, मी इथे सुरतेत लोकांची घरं रंगवतो, अन् तिकडे राऊ गावातलं आमचं घर आई-बाबा स्वतःच रंगवतायत. आज आईचा व्हिडिओ कॉल आला.

"एक भिंत तुझ्यासाठी सोडली रे. रोलर प्लास्टिकच्या पन्नीत घट्ट गुंडाळलाय, ओला राहील. येतोस ना?"

पन्नीत रोलर एक-दोन दिवस टिकतो, मग दगड होतो. अन् मला तर सुट्टीच मिळत नाहीये. "उद्याच निघतो" अगदी ओठांवर आलं होतं यार.

मी म्हटलं, "आई, रोलर धुऊन, सुकवून टांगून ठेव."

ती समजली. म्हणाली, "बरं. पण भिंतीला कोणी हात नाही लावणार."

तुमच्याही घरी अशी एखादी भिंत थांबलीय का?