धुक्याचे दिवे आणि कडुलिंबाची धुरी

हिवाळ्यात सून सकाळी गाडी घेऊन निघाली की मी दारात उभी राहायची. आता राहत नाही. उभं राहून काही होत नव्हतं, पाय तेवढे गार पडायचे.

आम्ही राहतो शहरात, पण सून देवगाव रंगारीच्या पुढं एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. पोरगा शेंद्र्याला कंपनीत जातो, त्याला न्यायला कंपनीची बस येते. म्हणून घरातली जुनी गाडी सुनेकडं असते. दौलताबादचा घाट चढायचा, वेरूळ मागं टाकायचं आणि पुढं जायचं, त्यामुळं तिला अंधार असतानाच निघावं लागतं. लस टोचायच्या दिवशी तर बाया लेकरं घेऊन तिच्या आधी येऊन बसलेल्या असतात.

अडचण हिवाळ्याची. घाटात धुकं असतं आणि घाट संपला की उसाच्या ट्रॉल्या लागतात. ट्रॉलीला मागं लाल दिवा नसतो. चमकायची पट्टी चिकटवलेली असते, पण तिच्यावर ऊस लोंबतो, मग ती चमकणार कशी?

गाडीला खाली बंपरात धुक्यासाठी दोन दिवे होते. एक गेलेला, दुसरा रॉकेल संपत आलेल्या कंदिलासारखा. पोरगा म्हणाला, आता एलईडी बल्ब टाकू. मी म्हटलं, टाक.

कोपऱ्यावर गाड्यांची वायरिंग करणारा मिस्तरी आहे. तो पिशवी घेऊन घरी आला आणि म्हणाला, "पांढरे लगाऊं के पिवळे?"

"पांढरे," पोरगा लगेच म्हणाला.

त्याचं कारण मला माहीत आहे. आम्ही आधी ज्या वस्तीत राहायचो तिथं घरात एकच पिवळा बल्ब होता. पोरानं त्याच्याखाली बसून अभ्यास केला. पहिला पगार झाला तसे त्यानं घरातले सगळे पिवळे बल्ब काढले आणि ट्यूब लावल्या. संडासातसुद्धा लावली. पिवळा उजेड म्हणजे गरिबी, हे त्याच्या डोक्यात बसलंय.

मिस्तरीही खूश झाला. मला तो खाला म्हणतो, म्हणजे मावशी. "खाला, पीला अब कौन लगाता? सब सफेदीच मंगते."

संध्याकाळी दिवे लावून बघितले. अंगणापलीकडच्या भिंतीवरची मुंगी दिसेल एवढा उजेड. शेजारपाजारचे बाहेर आले. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, "आज्जी, मांडव घातला का वो?"

"नाय, तुझ्या घरातली जळमटं दिसावीत म्हणून लावलेत," मी म्हटलं.

सगळे हसले, मिस्तरी चहा पिऊन गेला. धुक्याचे दिवे आम्ही कोरड्या हवेत भिंतीवर पाडून बघितले आणि पास केले. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की इथं धुकं कुठंय.

पुढं एक दिवस सून संध्याकाळी परत आली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली. मी गाडीकडं बघितलं. काचेवरच्या वायपरात उसाचं पाचट अडकलेलं होतं.

"हे काय?"

"पाचट."

"ते दिसतंय मला. काचेवर कसं आलं?"

मग तिनं सांगितलं. घाटापुढं दाट धुकं होतं. तिनं नवे दिवे लावले आणि समोर कुणीतरी पांढरी चादर धरल्यासारखं झालं. जुन्या दिव्यात निदान रस्त्याची कड दिसायची, आता नुसतं पांढरं. ट्रॉली दिसली तेव्हा तिनं ब्रेकवर दोन्ही पाय दिले. गाडी थांबली, पण ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस काचेवर घासला.

"आई, मी तिथंच खोली घेते," ती म्हणाली. "आमच्या आयाबाईच्या घरामागं एक रिकामी हाय. शनिवारी येत जाईन."

पोरगा म्हणाला, "घे. रोज जीव टांगणीला कशाला?"

मला तिची काळजी होती आणि मला दोन वेळचा स्वयंपाक पुन्हा अंगावर घ्यायचा नव्हता. दोन्ही खरं आहे. नात आईशिवाय झोपत नाही. तिची रडारड माझ्याच कानाशी होणार होती. पण मरायला जा असं तर मी सुनेला सांगू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मिस्तरीला बोलावलं. तो मानायलाच तयार नव्हता. "उजाला ज्यादा और दिखता कम? ऐसा कैसा होता बाजी?" असं सुनेला विचारत होता, तिला तो बाजी म्हणजे ताई म्हणतो. पण त्याच्याकडं पिवळे एलईडी पडून होते, कुणी घेत नव्हतं म्हणून. ते तो घेऊन आला होता. पोरगा तोंड वाकडं करून म्हणाला, "पिवळे? परत?" शेवटी ठरलं की एकाच बाजूला पिवळा लावून बघायचा, दुसरीकडं पांढरा राहू द्यायचा.

त्यांचं चाललं होतं तोवर दिवस मावळला आणि डास सुटले. मी रोजच्यासारखी धुरी केली. घमेल्यात निखारे, वर कडुलिंबाचा ओला पाला. घमेलं अंगणात ठेवलं आणि वारा फिरला. सगळा धूर गाडीच्या पुढं गेला. पोरगा खोकायला लागला. मी घमेलं उचलायला वाकले तशी सून ओरडली, "आई, हलवू नका!"

"तुझ्या नवऱ्याच्या डोळ्यात चाललंय."

"जाऊ द्या! इकडं या, हे बघा."

मी गेले. पांढऱ्या दिव्यापुढचा धूर भिंतीसारखा उभा होता, चुना मारलेल्या भिंतीसारखा. पिवळ्या बाजूला धूर तेवढाच होता, पण त्यातून पलीकडं पाण्याची टाकी दिसत होती आणि नातीची सायकलही. मिस्तरी गुडघ्यावर बसून बघत राहिला. मग त्यानं पेचकस घेऊन दोन्ही दिवे थोडे खाली वळवले, उजेड जमिनीलगत गेला, आणि टाकी अजून नीट दिसायला लागली.

मी पाला घालत राहिले. शेजारीण परत भिंतीवर आली. "आज्जी, सगळा धूर आमच्यात येतोय! काय चाललंय?"

"उजेड बघतोय."

"धुरात?"

"मग काय उन्हात बघू?"

पोरानं डोळे पुसत पुसत सांगितलं, दुसराही पिवळाच टाक.

पण धूर म्हणजे धुकं नव्हे. खऱ्या धुक्यात पिवळा किती कामी येईल आणि खाली वळवणं किती, तेही कुणाला सांगता येईना. सुनेचा जीव काही थाऱ्यावर आला नव्हता. आयाबाईला तिनं खोलीचं कळवून ठेवलं होतं. म्हणून पुढच्या धुक्याच्या सकाळी मी स्वेटर घातला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

"माय, तू जाऊन काय करणार?" पोरगा म्हणाला. "ब्रेक तुझ्या पायाशी हाय का?"

"नाय. पण ती एकटी भेणार, त्यापरीस दोघी भिऊ."

दौलताबादला किल्ला दिसलाच नाही. घाटात सुनेनं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. गाडी चालवणाऱ्याशी बोलू नये एवढं मला कळतं. पण रस्ता दिसत होता. लांबचा नाही, जवळचा. कडेची पांढरी पट्टी, तिच्या बाजूचं गवत. दिवे खालून उजेड टाकत होते आणि धुकं वर वर राहत होतं.

वेरूळ गेल्यावर पुढं रस्त्यावर काहीतरी आलं. आधी चाकं दिसली, चिखलानं भरलेली. मग त्यांच्यावर काळा ढीग. मी तोंड उघडायच्या आत सुनेनं पाय उचललेला होता. गाडी हळू झाली, बरीच जागा ठेवून ट्रॉलीच्या मागं मागं चालली. पुढं मोकळा रस्ता दिसला तसा तिनं हॉर्न दिला आणि बाजूनं निघून गेली.

मग देवगाव आलं आणि ती म्हणाली, "आई, चहा घेता का?"

मी मनात म्हटलं, झालं. भ्यालेलं माणूस चहाचं विचारत नाही.

दवाखान्यात पोचलो तर आयाबाई पायरीवरच होती. "सिस्टर, खोली झाडून घेतली. सामान कवा आणता?"

"नको ताई," सून म्हणाली. "दुसऱ्या कुणाला द्या. मी घरूनच येत जाईन."

आयाबाईनं माझ्याकडं बघितलं. "सासूबाई नाय म्हणल्या वाटतं?"

"सासूला कोण इचारतं?" मी म्हटलं आणि परतीची एसटी कुठं थांबते ते तिला विचारलं.

सून तोवर आत गेली होती. आत लेकरं रडायला लागली होती. एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. ऊन पडलं होतं, धुकं कधीच गेलं होतं. वेरूळपर्यंत मी जागी होते, त्यानंतरचं मला काही आठवत नाही. शहरात आल्यावर कंडक्टरनं हलवून उठवलं.