आक्काचा अर्धा फोटो

आधी अप्पांचं सांगतो. बीडला स्टँडामागच्या बोळीत त्यांचा फोटो स्टुडिओ. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि गिऱ्हाईक कसंही असो, आधी पाणी विचारणार. माझ्या भाचीपाशी आज तिच्या आईचं जे काही उरलंय ते अप्पांमुळं उरलंय.

आमचं गाव नेकनूरकडचं. मी आठवीतून शाळा सोडून पुण्याला वर्कशॉपमध्ये लागलो. आई-वडील आधीच गेले होते, मला आक्कानंच लहानाचं मोठं केलं. आक्का आणि दाजी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे ते गुढीपाडव्यापर्यंत. पोरगी बरोबर असायची. त्या वर्षी ती पहिलीत बसली, म्हणून तिला पहिल्यांदाच गावात आक्काच्या चुलतसासूपाशी ठेवायचं ठरलं. आक्काचं एकच म्हणणं होतं, पोरीजवळ माझा एक फोटो पाहिजे. रडायला लागली की बघेल.

तेव्हा डिजिटल कॅमेरे नुकतेच दिसायला लागले होते. माझ्या खोलीवरचा एकजण रविवारी बारशा-वाढदिवसांचे फोटो काढून चार पैसे मिळवायचा. ते बघून मीही वर्षभर साठवत होतो. दसऱ्याच्या आधी सुट्टी काढून गावी आलो आणि आक्काला घेऊन बीडला गेलो. बसमध्ये सगळा रस्ता माझा हात आतल्या खिशावर. एवढ्या पैशात बाजारातला नवा, चकचकीत कॅमेरा येत होता. तो घेण्याआधी कुणाला तरी विचारावं म्हणून अप्पांच्या दुकानात शिरलो.

अप्पांकडं तसलाच एक होता आणि दुसरा त्यांचा स्वतःचा, वापरलेला, कोपरे झिजलेले. त्यांनी दोन्हींत दुकानातलं मेमरी कार्ड घालून बघायचं ठरवलं आणि आक्काला दारात उभं केलं. आक्का म्हणाली, "अप्पा, ह्याच्यात मी गोरी दिसन का?"

"गोरं करायचा कॅमेरा वरच्या फळीवर हाय, आक्का. लई महाग हाय तो."

आक्का खळखळून हसली आणि अप्पांनी बटण दाबलं. मग दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर दाखवले. नव्या कॅमेऱ्यातला चेहरा पिठात बुडवल्यासारखा. जुन्यातल्या फोटोत आक्काच्या कपाळावरचं गोंदण ठिपका न् ठिपका मोजता येत होतं. मी जुना घेतला. माझ्यापाशी होतं तेवढ्यातच अप्पांनी दिला.

इथंच एक चांगला काढून देतो, असंही अप्पा म्हणाले. आक्कानं ऐकलं नाही. पडद्यावरच्या काश्मीरपुढं उभं राहून पोरीला काय ओळख पटणार? घरच्या उंबऱ्यावर, पोरीला मांडीवर घेऊनच काढायचा, आता भावाचा कॅमेरा हाय की घरचा.

दसऱ्याला आमच्याकडं हत्यारं पुजतात. आक्कानं कोयते धुऊन पाटावर मांडले, शेजारी दाजींची सायकल उभी केली, आणि मधोमध कोऱ्या खणावर माझा कॅमेरा ठेवला. त्याला हळद-कुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं. मी उचलायला गेलो तर हातावर चापट मारली.

"आज हात लावायचा न्हाई. त्येच्यावर तुझं पोट चालणार, तवा हत्यारच ते. एक दिवस त्यालाबी इसावा."

मला त्याचं कौतुकच वाटलं. आक्काशिवाय माझ्या कमाईच्या वस्तूला एवढा मान कोण देणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक पाराजवळ येऊन थांबला. आक्का नवं लुगडं नेसून, पोरीला मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. मी बटण दाबलं. लेन्स करकरत अर्धी बाहेर आली आणि अडकली. तिच्या कडेच्या फटीत ओल्या हळदीची पिवळी रेघ होती.

"काय झालं रं?"

"सेल उतरले," मी म्हणालो. तिच्या पूजेनं झालं, हे मला सांगवेना.

ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. आक्कानं पोरीला माझ्याकडं दिलं. "मग पाडव्याला काढ. मी कुठं जाती?"

कार्तिकात तिकडंच, उसाच्या फडावर, तिला ताप आला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. दहाव्याच्या तयारीत सगळे फोटो विचारायला लागले. भाची काही विचारत नव्हती, नुसती माझ्या पिशवीकडं बघत होती. मी उठलो आणि बीडला गेलो.

अप्पा दुकानाला कुलूप लावत होते. खांद्याला झोळी, पायात कॅनव्हासचे बूट. कार्तिकी पुनवेच्या यात्रेला कपिलधारला पायी जायचा त्यांचा नेम, बरोबरचे लोक चौकात खोळंबले होते. माझं ऐकून त्यांनी झोळी खाली ठेवली आणि पुढं व्हा म्हणून निरोप पाठवला. दुकानातल्या त्या कार्डावर नंतर किती बारशी, किती वाढदिवस काढून पुसले होते. पुसलेलं परत काढायचा काहीतरी प्रोग्राम लावून ते दिवसभर बसले. जेवलेही नाहीत.

संध्याकाळी आक्का पडद्यावर आली. कपाळ, गोंदण, हसताना बारीक झालेले डोळे. नाकाखाली नुसता राखाडी पट्टा. तेवढंच निघालं.

अप्पांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "खाली दुसऱ्या कुणाचं तोंड जोडून देता येतं मला. गिऱ्हाईकाला देतोही. पण पोरगी त्यालाच माय म्हणंल. तू सांग."

मी नको म्हणालो. त्यांनी आहे तसाच छापला, चौकटीत घातला. पैशाचं नाव काढू दिलं नाही. कॅमेराही पुढं त्यांनीच साफ करून चालू केला. त्यानं मी रविवारी लोकांच्या लेकरांचे फोटो काढले. उंबऱ्यावर बसलेली आई दिसली की अजून मी आधी लेन्सची कड पुसून घेतो.

भाचीनं चौकट हातात घेतली आणि राखाडी पट्ट्यावर तळवा ठेवला.

"मामा, हितं माय हसती का?"

"हसती," मी म्हणालो. मी तिथं होतो, म्हणून एवढं तरी सांगता आलं.

त्या पुनवेला अप्पांचा नेम मोडला, तो माझ्या आक्कापायी. आता त्यांचे गुडघे गेलेत, कपिलधारच्या दरीतल्या पायऱ्या त्यांना उतरवत नाहीत असं कानावर आलंय. मी लांब आहे, रजा मिळेल का याचीच धाकधूक. पण एका कार्तिकात येईन अप्पा, आणि तुम्हाला पाठीवर घेऊन त्या सगळ्या पायऱ्या उतरेन.