दहापैकी चार

ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या बसस्टॉपवर एक गृहस्थ रोज रांगेत माझ्या पुढे असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मात्र रोज घड्याळ वर सरकवून, स्वस्तातलं ऊदाचं अत्तर लावलेलं मनगट माझ्या नाकाखाली धरायचा. "खरं सांग, दहापैकी किती?"

आधी लवंग-मिऱ्यांचा ठसका बसायचा, मग नव्याकोऱ्या लाकडी कपाटाचा वास यायचा. मी चार द्यायचो.

"चार म्हणजे खूप झाले रे! बायको दोनच देते. म्हणते, कपाटात बसून मटण खाल्ल्यासारखं वाटतं."

एकदा सर्दीने माझं नाक पार बंद झालं होतं. म्हटलं, आज बिचाऱ्याला खूश करू. त्याने पुढे करायच्या आधीच मी त्याचं मनगट ओढून हुंगलं आणि डोळे मिटले. "झकास! नऊ!"

त्याने मनगट मागे घेतलं. "आज लावलंच नाही रे. बाटली संपली."

दुसऱ्या दिवशी नवी बाटली आली. घड्याळ वर सरकलं आणि मनगट मला ओलांडून माझ्या मागच्या आजोबांकडे गेलं. आजोबांनी शिंकून तीन मार्क दिले.

त्याने वाकून त्यांना नमस्कार केला.