हार्ड डिस्कचं नाव

आधी माफी मागतो. मी लिहिणाऱ्यांपैकी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि तोही सायन्सला. या सदरात लोक पिंपळाचे, पडक्या विहिरींचे अनुभव लिहितात. माझ्या अनुभवात एक कॉम्प्युटर आहे आणि त्याला बाहेरून जोडायची एक पेटी. वाचणाऱ्याला हसू येईल, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. घडलं तसं सांगतो, बस.

साल १९९८. मी जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि पिंप्राळ्यात एका खोलीत राहत होतो. माझं गाव शिरपूरच्या अलीकडे, तापीकाठी. गावात माय एकटी. मोठा भाऊ, सुकलालभाऊ, सुरतेला यंत्रमागावर कामाला. माझ्या फीचे पैसे तोच पाठवायचा.

मायला वाचता येत नाही. पत्र आलं तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागायचं, ते तिला आवडायचं नाही. म्हणून भाऊ कॅसेट भरून पाठवायचा. सुरतेहून गावाकडे कोणी निघालं की त्याच्या हाती कॅसेट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अशीच एक आली. त्यानंतर कॅसेट नाही, निरोप नाही, काही नाही. मामा सुरतेला जाऊन आले. जुन्या कारखान्यात कळलं की सुकलालने काम सोडलं, दुसरीकडे लागला. कुठे, ते कोणाला माहीत नव्हतं.

माय ती आखाजीची कॅसेट रोज लावायची. त्या कॅसेटचं तिला एकच दुःख होतं. आमच्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. आमच्या अहिराणीत 'येस'. भाऊ प्रत्येक कॅसेटच्या शेवटी न चुकता म्हणायचा, "बरं माय, येस." या वेळी "बरं माय, चाल..." एवढं झालं आणि टेप संपली.

"बठ्ठं सांगं त्यानी, पन येस म्हनं नही," माय म्हणायची. "असा कोनी जास का?"

मी तिला समजावायचो की बठ्ठं, म्हणजे सगळं, सांगता सांगताच टेप संपली, त्यात त्याचा काय दोष. तिला ते पटायचं नाही.

रोज लावून टेप ताणली गेली, आवाज जाडा येऊ लागला. एकदा प्लेअरने ती गिळली, ती पेन्सिलीने परत गुंडाळावी लागली. मी घाबरलो. भावाचा आवाज म्हणून आमच्याजवळ तेवढंच होतं. आधीच्या सगळ्या कॅसेटी तो परत मागवून त्यावरच नवीन भरायचा.

पारस माझा वर्गमित्र. त्याच्या वडिलांचं जळगावात कापडाचं दुकान होतं आणि पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरी कॉम्प्युटर होता. तो म्हणाला, "भटू, टेपरेकॉर्डरची वायर साउंड कार्डात घालू, आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवू. मग कितीही वेळा लाव, झिजायचा प्रश्नच नाही."

पण त्याची हार्ड डिस्क गच्च भरलेली. दुकानाचा हिशेब, त्याचे गेम्स, बहिणीची गाणी... आणि अर्ध्या तासाच्या आवाजाला तेव्हा भयंकर जागा लागायची. काही पुसायचं म्हटलं की घरात भांडण. शेवटी पारसच्या धुळ्याच्या मावसभावाकडे एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क पडून आहे असं कळलं. मी एस.टी.ने धुळ्याला गेलो आणि टॉवेलात गुंडाळून ती मांडीवर घेऊन आलो. विटेएवढी पेटी. प्रिंटरची केबल जिथे लागते तिथे तिची केबल लावायची, वीज वेगळी द्यायची.

आणली त्या दिवशी दसरा होता. पारसच्या आईने तिला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि बजावलं, "आज यंत्राला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ती फॉरमॅट केली. म्हणजे जुनं सगळं पुसून कोरी केली. काळ्या पडद्यावर खरंच पुसायचं का असा प्रश्न आला, मी Y दाबलं. काम संपल्यावर डिस्कचं नाव विचारलं. नाव नको असेल तर नुसतं एंटर दाबायचं. मी नुसतं एंटर दाबलं. मग सगळं नीट आहे ना हे पाहायला डिस्कवर काय आहे त्याची यादी काढली, तर वरती डिस्कचं नाव आलं – YES.

पारस हसत सुटला. "अरे, नुसतं Y पुरतं! आख्खं YES कशाला लिहिलंस? कॉम्प्युटर काय तुझा हेडमास्तर आहे?"

"मी Y एवढंच दाबलं."

"मग डिस्क इंग्लिश मिडियमची निघाली. तुझ्यापेक्षा बरी!"

मीही हसलो. बोटं चुकली असतील असं धरून चाललो. आम्ही नाव बदलून AAWAJ ठेवलं, यादी पुन्हा काढली, नाव बदललेलं होतं. मशीन बंद केलं. संध्याकाळी चालू केलं तर परत YES.

या वेळी पारस हसला नाही. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मला वाटलं तो करतोय. दोघांनी एकमेकांना शपथा घातल्या.

जवळच कॉम्प्युटरचा क्लास चालवणारे चौधरी सर होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "डिस्कचं नाव दोन जागी लिहिलेलं असतं रे. एका जागचं बदललं, दुसऱ्या जागचं तसंच राहिलं असेल. जुन्या मालकाने ठेवलेलं असणार." पारसने धुळ्याला फोन लावला. मावसभाऊ म्हणाला, "माझं नाव MAAL होतं. YES कोण ठेवतं?" सरांना ते सांगितलं. ते म्हणाले, "मग तुमच्यापैकी कोणीतरी टाइप केलं. आपोआप काही होत नसतं." मलाही तेच वाटत होतं.

नावाने काही बिघडत नव्हतं. आम्ही ते तसंच ठेवलं आणि आवाज भरला. चांगला भरला गेला. शेवटी कॅसेटसारखंच – "बरं माय, चाल..." आणि संपलं. त्यापुढे काही नव्हतं. इथे कोणी वेगळी अपेक्षा करत असेल म्हणून सांगतो, त्यापुढे काहीच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी मायला जळगावला आणलं. पारसच्या आईने खुर्ची दिली, पण ती खालीच बसली, कॉम्प्युटरकडे तोंड करून. स्पीकरमधून भाऊ बोलू लागला.

"माय, तुना पाय दुखतस का आते?"

"नही रे भाऊ, बरा शेतस," मायने पदर सावरत स्पीकरला सांगितलं. पारसची बहीण हसणार होती, तिच्या आईने डोळे वटारले.

पूर्ण ऐकून झालं. मायची नजर पडद्यावरच होती. मी डिस्क बंद करण्याआधी यादी काढून बघत होतो.

"काय लिखेल शे तठे?" तिने विचारलं.

"काही नही माय. पेटीनं नाव शे."

"काय नाव?"

"येस," मी म्हणालो.

आणि तोंडातून शब्द निघाल्यावर माझ्या लक्षात आलं. आठ-दहा दिवस आम्ही सगळे तो शब्द इंग्रजी समजून वाचत होतो. मी अहिराणी बोलत मोठा झालो, तरी मीसुद्धा. मायला इंग्रजी येतच नव्हतं. तिने तो आपल्या भाषेत ऐकला.

"म्हनं ना त्यानी!" ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग येस तो."

अहिराणीत 'मी येस' म्हणजे मी येतो, आणि 'तो येस' म्हणजे तो येतो. निघतानाही तेच, परततानाही तेच. मी तिला सांगायला गेलो की हे इंग्रजी आहे, याचा अर्थ 'हो' असा होतो... ती म्हणाली, "तेच ते."

गावी जाऊन तिने भावाची गोधडी उन्हात टाकली. दिवाळीला तो येणार म्हणून शेव-पापडीचं बेसन जास्त दळून आणलं. शेजारणी विचारायच्या, निरोप आला का? ती म्हणायची, हो, जळगावले ऊना.

याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. बोटं चुकली असतील, डिस्क खराब असेल... यातलं काहीही खरं असू शकतं. दिवाळीनंतर पारसने डिस्क लावली तेव्हा तिला नावच नव्हतं. त्याने पुसलं नव्हतं, मीही नाही. आवाज मात्र शाबूत होता, अजूनही आहे.

आता बातमी तेवढी सांगायची राहिली. आमच्या गावचा हिरालाल सुरतेला भावासोबत एकाच खोलीत राहायचा, हे आम्हाला माहीत नव्हतं. दिवाळीला तो गावी आला, मायला भेटायला घरी गेला आणि विचारून बसला, "सुकलाल कथा शे?" कुठे आहे, हे मायने त्यालाच विचारलं. तेव्हा तो चपापला, आणि मामांना घेऊन सुरतेकडे परत फिरला. दोघांनी सुरतेच्या लाइनवरचं एकेक स्टेशन विचारत काढलं. एका स्टेशनवर कळलं की तापाने बेशुद्ध झालेल्या एका माणसाला पॅसेंजरमधून उतरवून दवाखान्यात नेलं होतं. तो त्याच रात्री गेला. ओळख पटली नाही. ठेवलेले कपडे मामांनी ओळखले.

हिरालाल तिथून सरळ माझ्या खोलीवर आला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "दसराना दुसरा दिन मीच त्याले गाडीमा बसाडं, भटू. ताप व्हता. मी म्हनं, दवाखानामा चाल. तो म्हने, नही, घर जास, माय वाट देखी र्‍हायनी व्हई. गाडी हालाले लागनी तवय म्हने, येस. मी मस्करी कयी – येस म्हंजे कथा रे, आठे का तठे?"

"मंग?" मी विचारलं.

"हासना," हिरालाल म्हणाला. "गाडी निंघी गयी."