भावाच्या दहाव्याला आलेला मुकादम

आज माझ्या भावाचा दहावा होता. गंगाखेडला गोदावरीवरचे विधी उरकून आम्ही घरी आलो, तर ऊसतोडीचा मुकादम ओट्यावर बसलेला.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो वहिनीला म्हणाला, "कोयता अर्धा झालाय. पोरीला जोडीला घ्या."

पोरगी आठवीत आहे. चर्चच्या सिस्टर परभणीत ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी वसतिगृह चालवतात, तिथं राहते. सिस्टरही आज भेटायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ती शाळेतच राहील."

"सिस्टर, तुमी प्रार्थना करा. उसाच्या फडातलं तुमाला काय कळतंय?"

"फडातून आलेल्या मुलींचे हात रोज बघते मी. कळतं."

वहिनी हळूच म्हणाली, "मग माझ्यासंगं कोण येतंय, सिस्टर?"

वहिनीसाठी इथंच काम शोधायला सिस्टरनी चार दिवस मागितले. मुकादम म्हणाला, "ट्रक उद्या सकाळी हाय."

वहिनीनं होकारार्थी मान हलवली.

मी नोकरी करणारी आत्या. 'दोघींना मी सांभाळते' एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. आत पोरगी कपडे भरतेय.

ट्रक यायला अजून वेळ आहे. माझ्या जागी तुम्ही असता, तर आत्ता उठून बोलला असता का?