फायटरचं पाणी

परवा रामदासपेठेतल्या दाताच्या दवाखान्यात नंबर येण्याची वाट पाहत बसले होते. समोर काचेच्या टाकीत एक निळा फायटर मासा अंग चोरून कोपऱ्यात थांबला होता. फिल्टरमधून सुटलेली धार त्याचे लांब, रेशमी पंख ओढत होती. तो पुन्हा पुन्हा धडपडत त्याच कोपऱ्यात परतत होता. ओल्या वाळूचा आणि माशांच्या खाद्याचा तो कुबट वास नाकात शिरला आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा राग जसाच्या तसा परत आला. वयाबरोबर आठवणी मवाळ होतात, असं माझ्या मैत्रिणी सांगतात. माझी ही एक झाली नाही. खरं सांगायचं तर मीच ती होऊ दिली नाही.

लग्न होऊन मी इथेच जवळ, एका बंगल्याच्या तळमजल्यावर भाड्यानं राहायला आले. घरात नवरा, सासूबाई आणि मी. त्याआधी मी एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. लग्नात ती नोकरी सुटली आणि तिथल्या प्रयोगशाळेतला एक लाल फायटर तेवढा माझ्याबरोबर आला. खिडकीशी काचेच्या मोठ्या बरणीत तो राहायचा. दिवसाआड मी थोडं पाणी काढून रात्रभर बादलीत ठेवून मुरवलेलं पाणी हलक्या हातानं घालायची. सकाळी तो पृष्ठभागावर येऊन हवेचा एक घोट घ्यायचा, मग पंख पसरून उन्हात असा काही वळायचा, की जणू कुणी पैठणीचा पदर झटकला. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

वरच्या मजल्यावर घरमालक राहत. निवृत्त इंजिनिअर, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्या दिवाणखान्यात गोल्डफिशची भलीमोठी टाकी होती आणि तिला कूलरची मोटर जोडून त्यांनी स्वतः बनवलेला फिल्टर. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो कौतुकानं दाखवत. माझी बरणी पाहिली की म्हणायचे, "सूनबाई, फिल्टर नाही लावला काहून? घाणीत मारून राहिली तू त्याले."

"काका, हा वरून हवा घेतो. संथ पाण्यातला मासा आहे, जोराची धार त्याला सोसत नाही. पाणी बदललं की झालं."

"पुस्तकातलं नको सांगू वं मले," म्हणून ते हसायचे.

त्या हिवाळ्यात आम्ही नात्यातल्या लग्नाला दोन दिवस रामटेकला गेलो. किल्ली काकांकडे ठेवली. परतलो तर फायटर बरणीच्या तळाशी मरून पडला होता, पंखांच्या चिंध्या झालेल्या. काका दारातच उभे होते. "पाणी सडलं होतं," ते सासूबाईंना म्हणाले, "मी सांगून सांगून थकलो."

सासूबाईंनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हिच्या हातानं काही जगत नाही," त्या म्हणाल्या. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि दोनच महिन्यांपूर्वी माझा गर्भ पडला होता. ते वाक्य माशापुरतं नव्हतं, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं. नवरा चपला काढत राहिला.

पुढं ते वाक्य घरात रुळलं. तुळस वाळली तरी तेच, दूध नासलं तरी तेच. महिन्याभरानं जिन्यावर काकूंनी, म्हणजे घरमालकांच्या पत्नीनं, माझा हात धरला. "पोरी, कोणाले सांगू नको वं. ह्यांनीच त्याले वरच्या टाकीत टाकला होता. सकाळी मोटरीच्या जाळीले चिकटलेला होता. मग तुझ्या बरणीत आणून ठेवला." काकू रडत होत्या. मी नाही रडले. मी वाट पाहायला लागले.

मे महिन्यात वस्तीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. नागपूरचा मे, सकाळी दहालाच फरशी पोळत होती. मोटर बंद पडली आणि दुपारी काका घामाघूम खाली आले. "सूनबाई, मासे वर तोंड काढून राहिले वं. काय करू, सांग ना!"

मी वर गेले. सासूबाईही मागोमाग आल्या. पाण्याबाहेर पंधरा-वीस तोंडं उघडमीट करत होती. एक मासा आडवा झाला होता. उपाय साधा होता: झाकण काढायचं, थोडं पाणी बदलायचं आणि मगानं उंचावरून धार धरत राहायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. मला तो ठाऊक होता. मी खुर्ची ओढून बसले.

"आधी माझा फायटर कसा मेला ते सासूबाईंना सांगा."

"ही काय वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे."

त्यांनी दारात उभ्या काकूंकडे पाहिलं, मोटरीचं बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. दुसरा मासा उलटला. मी पदरानं वारा घेत होते. तिसरा उलटला तेव्हा काका बोलले, अगदी लहान आवाजात. मी म्हटलं, ऐकू आलं नाही.

"मीच टाकला होता त्याले टाकीत," ते ओरडले. "मीच मारला. हिचं पाणी चांगलं होतं."

तेव्हा मी त्यांच्या हातात मग दिला. संध्याकाळी वीज येईपर्यंत त्या गृहस्थांना मी पाणी ओतायला लावलं. त्यांचा हात खाली आला की म्हणायची, "अजून उंचावरून, काका." उरलेले मासे वाचले. सासूबाई खाली गेल्या. माफी त्यांनी कधीच मागितली नाही, पण ते वाक्य मात्र त्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

आज त्यातलं कुणी नाही. बंगल्याच्या जागी सात मजले उभे आहेत. मधल्या वर्षांत माझ्याही हातून माणसं दुखावली, माझ्याही चुका मी झाकल्या. तरी काकांची कीव कधी आली नाही, आजही येत नाही. वय वाढलं तसं मन हळवं झालं, ते दुसऱ्याच ठिकाणी. ते तीन गोल्डफिश. त्यांनी माझं काय बिघडवलं होतं? उपाय माझ्या ओठांवर होता, आणि मी वारा घेत बसले होते.